आठ डेस्कटॉपचा लिनक्स क्लस्टर: कोणती सॉफ्टवेअर निवडावीत?

विभागात आठ सारखे डेस्कटॉप आहेत, एक गिगाबिट स्विच आहे, एमएस्सीच्या विद्यार्थ्यांना ग्रोमॅक्स (रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) चालवायचंय, आणि रॉक्स, ऑस्कर, वेअरवुल्फ, स्लर्म ही नावं वाचून गोंधळ उडालाय, असं तुम्ही लिहिलंय. मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेचा बारा नोडचा, म्हणजे जोडलेल्या बारा यंत्रांचा, क्लस्टर सहा वर्षं सांभाळला, त्यावरून सांगतो.

रॉक्स आणि ऑस्कर हे क्लस्टर उभारायचे तयार संच आधी यादीतून काढा. रॉक्सवरच मी शिकलो, त्यामुळे हे लिहिताना वाईट वाटतं. पण रॉक्स ७ सेंटओएस ७ या लिनक्सवर उभं आहे आणि त्या सेंटओएसची सुरक्षा-अपडेटची मुदत ३० जून २०२४ ला संपली. कॉलेजच्या नेटवर्कवर असं यंत्र ठेवू नका. रॉकी लिनक्स ९ घ्या आणि त्यावर ओपनएचपीसी या प्रकल्पाचा क्लस्टर-सॉफ्टवेअरचा पॅकेजसाठा जोडा. स्लर्म (कामांची रांग लावणारं), एलमॉड (सॉफ्टवेअरची हवी ती आवृत्ती निवडून देणारं), ओपनएमपीआय (नोडमध्ये निरोप पोचवणारं) एकमेकांशी जुळणाऱ्या आवृत्त्यांत तयार मिळतात. त्यांची पीडीएफ पुस्तिका एकेक कमांड क्रमानं देते, ती छापून जवळ ठेवा.

नोडवर सिस्टिम कशी चढवायची, हे यंत्रं कुणाची आहेत त्यावर ठरवा. ती फक्त क्लस्टरसाठीच असतील तर वेअरवुल्फ. सगळे नोड नेटवर्कवरून एकाच इमेजनं बूट होतात, त्यामुळे एका नोडवर एक लायब्ररी आणि दुसऱ्यावर दुसरी, हा त्रास उरत नाही. दिवसा त्यांवर प्रॅक्टिकल होत असतील तर डिस्कवर रॉकी टाकून, सगळ्या यंत्रांना एकाच जागेवरून सेटिंग लावणाऱ्या अ‍ॅन्सिबलनं सांभाळा. होम डिरेक्टरी सगळ्या नोडवर दिसायला एनएफएस (नेटवर्कवरून फाइल वाटायची सोय) पुरे. लस्टर या मोठ्या क्लस्टरसाठीच्या फाइलसिस्टिमच्या वाटेला आठ यंत्रांसाठी जाऊ नका.

खरा वेळ स्लर्मला द्या. रांग नसेल तर दोन विद्यार्थी एकाच नोडवर काम टाकतात आणि दोघांचंही रखडतं. प्रत्येक नोडवर स्लर्मडीला, म्हणजे नोडवरच्या स्लर्मच्या प्रोग्रॅमला, मोठ्या सीचा (-C) पर्याय देऊन चालवलंत की त्या यंत्राचे कोअर आणि मेमरी कॉन्फिग फाइलला हव्या त्या रूपात छापून येतात. ती ओळ तशीच उचला. लिनक्सच्या सीग्रुप या सोयीनं प्रत्येक कामाला मेमरीची मर्यादा पहिल्याच दिवशी लावा. नाहीतर एखादी चुकलेली स्क्रिप्ट अख्खा नोड झोपवते.

स्लर्मच्या आधी तीन गोष्टी तपासा: सगळीकडे प्रत्येकाचा यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) एकच, मंजची (नोडमधल्या स्लर्मच्या निरोपांची ओळख पटवणाऱ्या प्रोग्रॅमची) किल्ली एकच, आणि घड्याळ एकच. घड्याळाचा धडा मला महागात पडला. वीज गेली, परत आली, आणि एका नोडवरचं प्रत्येक काम नापास होऊ लागलं. दोन दिवस मी स्लर्मचे लॉग चाळले. कारण निघालं मदरबोर्डवरचा संपलेला सेल! यंत्र जुन्या तारखेला उठायचं, नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारं क्रोनी सुरूच केलेलं नव्हतं, आणि मंजचा परवाना डीफॉल्टनं पाचच मिनिटं चालतो. तुमचे डेस्कटॉप जुने असतील तर आठही सेल आधीच बदला.

आता ग्रोमॅक्स. एकच सिम्युलेशन आठ यंत्रांवर पसरवायचा मोह होईल, तो आवरा. गिगाबिट इथरनेटवर नोड एकमेकांच्या निरोपाची वाट पाहत बसतात आणि वेग बहुधा वाढण्याऐवजी घटतो. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात स्टर्लिंग आणि बेकर यांनी १६ साध्या ४८६ प्रोसेसरच्या यंत्रांचा पहिला बेओवुल्फ क्लस्टर जोडला, तेव्हाही नेटवर्क तोकडं पडू नये म्हणून दोन इथरनेट जाळी जोडीनं वापरली होती. तुम्ही एका नोडवर एक सिम्युलेशन ठेवा आणि एकाच स्क्रिप्टनं अनेक कामं लावणाऱ्या स्लर्मच्या जॉब अ‍ॅरेनं आठ वेगवेगळी प्रथिनं किंवा आठ तापमानं एकदम लावा. एका यंत्रापुरतं कोअरमध्ये काम वाटणारं ग्रोमॅक्सचं स्वतःचं थ्रेड-एमपीआय असतंच, म्हणजे सुरुवातीला ओपनएमपीआय लागतच नाही. ग्रोमॅक्स दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट, म्हणजे तोवरच्या कामाची नोंद, फाइलमध्ये लिहितं. जॉब स्क्रिप्टमध्ये त्या फाइलवरून पुढे चालू करण्याचा पर्याय ठेवलात, तर वीज गेल्यावर पाव तासाचंच काम वाया जाईल. हेड नोडला, म्हणजे क्लस्टर सांभाळणाऱ्या मुख्य यंत्राला, मात्र यूपीएस घ्याच.

आठवड्याभरात एवढं उभं राहतं. प्रत्येक यंत्राची रॅम किती आणि दिवसा ती प्रॅक्टिकलला लागतात का, तेवढं कळवा. स्लर्मची कॉन्फिग फाइल तुमच्या यंत्रांसाठी मी लिहून देतो.