टीवरून चेंडू उजवीकडेच का वळतो?

प्रश्न : मी उजव्या हाताने गोल्फ खेळतो. आयर्नचे (मधल्या व जवळच्या अंतरासाठीच्या काठ्यांचे) फटके बऱ्यापैकी सरळ जातात, पण टीवरून (सुरुवातीच्या जागेवरून) ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याची काठी) मारला की चेंडू उजवीकडे वळून झाडांत शिरतो. म्हणून हल्ली मी फेअरवेच्या (कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) डाव्या कडेवर नेम धरतो, तर चेंडू पूर्वीपेक्षा जास्तच वळू लागला आहे. असे का व्हावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपण योजलेल्या उपायानेच दुखणे वाढते आहे. चेंडूचे वळण मुख्यतः क्लबफेसचा (काठीच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूचा) रोख आणि स्विंगची दिशा यांतील फरकावर ठरते. पाय आणि खांदे डावीकडे वळवले की स्विंगही डावीकडे जातो. फेस मात्र उजवीकडे उघडाच राहतो, फरक वाढतो आणि स्लाइसही (चेंडूचे हे उजवीकडे वळणेही) वाढतो. आयर्नचा लॉफ्ट (फेसचा तिरपेपणा) जास्त असल्याने तिथे हा दोष झाकला जातो, ड्रायव्हर तो उघडा पाडतो.

तेव्हा प्रथम खांदे लक्ष्यरेषेला समांतर आणावेत. मग ग्रिप (क्लबवरची पकड) तपासावी : उभ्या स्थितीत खाली पाहिल्यावर डाव्या मुठीचे दोन-तीन उंचवटे दिसायला हवेत, एकच दिसत असेल तर तो हात थोडा उजवीकडे फिरवून धरावा. चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत असावा, कारण तो फार पुढे ठेवल्यास खांदे आपोआप डावीकडे उघडतात.

एवढे करूनही चेंडू वळत राहिला, तर ड्रायव्हिंग रेंजवर फेसला टाल्कम पावडर लावून काही फटके मारावेत. ठसा शाफ्टच्या (दांड्याच्या) बाजूला, म्हणजे हीलकडे उमटत असेल, तर केवळ त्यामुळेही चेंडूला उजवीकडे वळवणारी फिरकी मिळते. अशा वेळी चेंडूपासून किंचित दूर उभे राहून पाहावे.

स्विंग सुधारेपर्यंत टीची जागा तरी हुशारीने निवडावी. बहुतेक हौशी खेळाडू सवयीने मधोमध टी (चेंडू ठेवायची खुंटी) रोवतात, हे मला नेहमीच नवलाचे वाटते. आपण ती टीच्या जागेची हद्द दाखवणाऱ्या दोन खुणांपैकी उजव्या खुणेजवळ रोवावी, म्हणजे झाडांपासून दूर, तिरपा नेम धरता येतो. चेंडू दोन खुणांच्या आत आणि मागे दोन क्लब-लांबीपर्यंत कुठेही ठेवता येतो. पाय बाहेर असले तरी नियमाला चालते.

अरुंद होलवर (टीपासून खळग्यापर्यंतच्या मार्गावर) ड्रायव्हरचा हट्ट नसावा. दिल्ली गोल्फ क्लबच्या झुडपांनी वेढलेल्या लोधी कोर्सवर व्यावसायिक खेळाडूही अनेकदा तो बाजूला ठेवतात. चेंडू आउट ऑफ बाउंड्स (कोर्सच्या हद्दीबाहेर) गेला तर एका फटक्याच्या दंडासह पुन्हा टीवरूनच मारावे लागते, आणि तो फटका तिसरा ठरतो. त्यापेक्षा 3-वुडने (ड्रायव्हरहून आखूड काठीने) काही यार्ड कमी मिळाले तरी परवडते.