आधी बोलतंय कोण ते बघ

इंग्रज कवी शेलीची 'ओझिमँडियस' आणि कुसुमाग्रजांची 'कोलंबसाचे गर्वगीत' यांची तुलना लिहिताना 'दोन्ही कवितांत माणसाची सत्ता आहे' एवढ्यावर थांबू नकोस, ते कुणालाही दिसतं. आधी बोलतंय कोण ते बघ. शेलीच्या 'ओझिमँडियस'मध्ये (१८१८) राजाची बढाई थेट ऐकू येत नाही. वाळवंटातल्या त्याच्या मोडक्या पुतळ्याखालचा दगडावरचा लेख, तो वाचलेला प्रवासी, मग त्या प्रवाशाकडून ऐकणारा निवेदक. प्रत्येक टप्प्यावर राजा लहान होत जातो, शेवटी नुसती वाळू. उलट कुसुमाग्रजांच्या 'कोलंबसाचे गर्वगीत'मध्ये खलाशी स्वतःच समुद्राला ललकारतो, आणि मर्यादा उलटवतो: किनारा समुद्राला, माणसाच्या आशेला नाही. (मी आधी याला निव्वळ विजयगीत समजत होतो. पण ललकारी देणारा अजून समुद्रातच आहे!) वृत्त-अलंकारांची यादी नंतर कर, तीही लागेल तेवढीच.