तेल-कॉर्नफ्लोअर ९ व्होल्टवर का आळत नाही

प्रश्न थोडक्यात असा: तेलात कॉर्नफ्लोअर कालवलं, दोन धातूच्या पट्ट्या एक सेंटिमीटर अंतरावर बुडवल्या, वीज लावली की मिश्रण आळतं म्हणून ९ व्होल्टची बॅटरी जोडली, तरी ढिम्म काही झालं नाही. आता तेलाऐवजी पाणी घेऊन बघू का?

पाणी नको. मांडणी ठीक आहे, विद्युतक्षेत्र कमी पडतंय. नुसते व्होल्ट बघू नका, त्यांना अंतराने भागा. तुमच्याकडे मिलिमीटरमागे ०.९ व्होल्ट आहेत. लागतात साधारण हजार ते काही हजार. त्यात कणांमधलं आकर्षण क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे क्षेत्र हजारपट कमी, तर बळ दहा लाखपट कमी.

क्षेत्र पुरेसं असलं की प्रत्येक कणाचं एक टोक धन आणि दुसरं ऋण होतं. क्षेत्राच्या दिशेने मागेपुढे असलेले कण एकमेकांना ओढतात, शेजारी-शेजारी असलेले ढकलतात. त्यामुळे विखुरलेल्या कणांच्या साखळ्या बनतात, त्या एका पट्टीपासून दुसरीपर्यंत पोचतात आणि एकमेकींना चिकटून जाड खांब होतात. साध्या सूक्ष्मदर्शकातही हे दिसतं. अमेरिकी संशोधक विलिस विन्स्लो यांनी याचं पेटंट १९४७ मध्ये घेतलं, शोधनिबंध १९४९ मध्ये छापला. परिणामाला त्यांचंच नाव आहे.

‘द्रव दाट होतो’ असं सर्रास लिहितात, ते मला पटत नाही. मध कितीही दाट असला तरी सावकाश का होईना, वाहतोच. इथे ताण ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल तर द्रव वाहतच नाही, कारण साखळ्या तुटत नाहीत. त्या तुटल्या की वाहू लागतो. क्षेत्र काढलं की काही मिलिसेकंदांत पूर्ववत. क्लच आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरवाल्यांना याचं आकर्षण वाटतं ते यामुळेच. अडचण अशी की नेहमीच्या मिश्रणांत साखळ्या तोडणारा हा ताण जेमतेम काही किलोपास्कल भरतो, शिवाय कण तळाशी बसतात. २००३ मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी युरियाचा लेप दिलेले नॅनोकण वापरून तो शंभर किलोपास्कलच्या पुढे नेला.

पाण्यात मात्र आयन, म्हणजे विरघळलेले विद्युतभारित कण, क्षेत्र झाकून टाकतात. प्रवाह वाहतो, पाणी तापतं, बुडबुडे येतात. पाण्यातलं कॉर्नफ्लोअर ठोसा मारला की कडक होतं, पण तो कण एकमेकांवर घासण्याचा खेळ आहे, विजेचा संबंध नाही. गंमत म्हणजे जुन्या मिश्रणांत कणांनी शोषलेला किंचित ओलावा लागायचाच, आणि गरम होऊन तो उडाला की परिणामही संपायचा.

उलटं उदाहरणही आहे. कण द्रवापेक्षा कमी वाहक असेल, तर पुरेशा डीसी, म्हणजे दिशा न बदलणाऱ्या, क्षेत्रात तो स्वतःभोवती गरगर फिरू लागतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्विंके यांनी हे १८९६ मध्ये नोंदवलं. असे फिरणारे कण वाहत्या द्रवाचा विरोध चक्क कमी करतात. डीसीत कणांवर मूळचाच भार असेल, तर ते सगळे एका पट्टीकडे सरकतात ते वेगळंच. म्हणून प्रयोगांत बहुधा एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारं क्षेत्र, वापरतात.

किलोव्होल्टच्या नादाला घरी लागू नका, जुन्या टीव्हीचे भाग काढून तर मुळीच नाही. तेलात पातळसर कालवलेल्या मिश्रणाची बारीक धार सोडा आणि कोरड्या केसांवर घासलेला फुगा तिच्याजवळ आणा. धार फुग्याकडे झुकेल आणि तिथे गोळे धरेल. दमट हवेत फुग्यावरचा भार टिकत नाही, तेव्हा कोरडा दिवस बघा.