इलेक्ट्रिक गाडी खालून आपटली, पत्र्याला धक्का नाही, तरी विमा कंपनी टोटल लॉस म्हणते. मान्य करावं का?

तुमच्या प्रश्नातली परिस्थिती अशी: अक्कलकोट रोडला गाडी दगडावर खालून आपटली, बॅटरीच्या केसिंगला पोचा आला, बाकी गाडी ठणठणीत आहे. वर्कशॉपने अख्खी बॅटरी बदलायचं एस्टिमेट दिलं आणि विमा कंपनी टोटल लॉसवर आली, म्हणजे दुरुस्तीऐवजी गाडीची विम्यातली ठरलेली रक्कम देऊन दावा मिटवायचा. मी सोलापूर-धाराशिव भागात मोटार सर्व्हेअर (विम्यासाठी गाडीचं नुकसान तपासणारा) म्हणून काम करतो, असे दावे आता माझ्याकडेही येतात.

सगळ्यात आधी, ती गाडी चार्जिंगला लावू नका आणि घराला किंवा दुसऱ्या गाडीला लागून उभी करू नका. मार लागलेला लिथियम सेल काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पेट घेऊ शकतो. हलवायची झाली तर फ्लॅटबेडवरच, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवरच हलवा. साध्या पॉलिसीत कारच्या टोइंगला 1500 रुपयेच मिळतात, तेव्हा रोडसाइड असिस्टन्स घेतलाय का ते बघा.

आता हिशोब. आयडीव्ही म्हणजे पॉलिसीवर छापलेली गाडीची विम्याची किंमत: पॉलिसी सुरू होताना असलेली त्या मॉडेलची उत्पादकाची किंमत, त्यातून वयाप्रमाणे घसारा वजा. दोन वर्षांपुढे 30 टक्के, तीनपुढे 40, चारपुढे 50. समजा गाडीची किंमत 14 लाख आणि घसारा 30 टक्के, तर आयडीव्ही 9 लाख 80 हजार. दुरुस्तीचा खर्च याच्या 75 टक्क्यांवर, म्हणजे 7 लाख 35 हजारांवर गेला की पॉलिसीच्या भाषेत गाडी टोटल लॉस. पेट्रोल गाडीचा इंजिनाखालचा ऑइल चेंबर फुटला तर खर्च हजारांत बसतो. इथे त्याच जागी बॅटरी आहे. ती 6 लाखांची धरली आणि खालचं गार्ड, कूलंटच्या लाइन, मजुरी मिळवली, की ती रेषा लगेच जवळ येते. गाडी जुनी होईल तशी आयडीव्ही उतरते, नव्या बॅटरीचं बिल मात्र पूर्ण लागतं. त्यातून उत्पादकाने मॉडेलची किंमत कमी केली (फेब्रुवारी 2024 मध्ये टाटाने नेक्सॉन ईव्हीच्या किमतीत 1 लाख 20 हजारांपर्यंत कपात केली होती), तर नूतनीकरणाला आयडीव्ही आणखी खाली येते. म्हणून एकही दरवाजा न चेपता इलेक्ट्रिक गाडी टोटल लॉस होऊ शकते. तुमच्या बाबतीत कंपनी लबाडी करतेय असं मला वाटत नाही.

पण एस्टिमेट जसंच्या तसं मान्य करू नका. वर्कशॉपला लेखी विचारा: बॅटरी पॅकची इन्सुलेशन टेस्ट केली का, सेलच्या व्होल्टेजमध्ये फरक आला का, केसिंगची लीक टेस्ट झाली का? नुसता बाहेरून पोचा बघून पॅक बदला म्हणत असतील तर ते पुरेसं नाही. काही उत्पादक फक्त केसिंग किंवा मॉड्यूल (पॅकमधला सेलचा एक गट) बदलून देतात, काही पूर्ण पॅकच देतात. आपल्या मॉडेलला काय शक्य आहे हे उत्पादकाकडून ई-मेलवर घ्या. पुण्याच्या अधिकृत वर्कशॉपचं दुसरं एस्टिमेटही मागवा. तिथेच दीड-दोन लाखांचा फरक पडला तर सगळं चित्र बदलतं. 8 वर्षांची बॅटरी वॉरंटी मात्र इथे कामाची नाही, बाहेरून लागलेला मार तिच्यात येत नाही.

तुमचा झिरो डेप (पार्टवर घसारा न कापणारं जादा कव्हर) आहे का हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तोच. साध्या पॉलिसीत बॅटरीवर 50 टक्के घसारा लागतो. म्हणजे दावा दुरुस्तीत बसला तर 6 लाखांपैकी 3 लाख तुमच्या खिशातून. टोटल लॉसला पार्टवारी घसारा नसतो: आयडीव्हीतून सक्तीची वजावट (छोट्या कारला 1000, मोठीला 2000) गेली की बाकी रक्कम तुमची. झिरो डेप नसेल तर टोटल लॉस तुमच्या फायद्याचा ठरू शकतो, त्याला घाबरू नका. झिरो डेप असला तरी त्यात ड्राइव्हची मोठी बॅटरी धरलीय का, ते पॉलिसीच्या कागदावर वाचा. एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका.

टोटल लॉस घ्यायचं ठरलं तर एका गोष्टीवर अडून राहा. "आज बाजारात तुमच्या गाडीला एवढेच मिळतात" असं कोणी म्हणालं तर ऐकायचं नाही. पॉलिसीवर छापलेली आयडीव्ही त्या मुदतीत बदलत नाही, टोटल लॉसला तीच बाजारभाव धरायची, असं अटींतच आहे. कर्ज असेल तर पैसे आधी फायनान्सवाल्याकडे जातील. "भंगार तुम्हीच ठेवा, तेवढी रक्कम कापतो" असंही सुचवतील. मार खाल्लेली बॅटरी दारात ठेवायला मी तरी कोणाला सांगणार नाही. शिवाय आरसी रद्द न करता ती गाडी भंगारवाल्याच्या हाती गेली, तर कागदोपत्री मालक तुम्हीच राहता. कायम निकामी झालेल्या गाडीची माहिती 14 दिवसांत आरटीओला द्यायची असते.

बोलणं फिसकटलं तर सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा आणि कंपनीकडे लेखी तक्रार करा. एक महिन्यात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. सोलापूरसाठी ते कार्यालय पुण्यात आहे, फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे वाद चालतात. कंपनीचा नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.