शाळा संपल्यावर बहिणीला माणसं कशी मिळतील, कार्यशाळेचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की बहीण 25 वर्षांची आहे, बौद्धिक दिव्यांग आहे, विशेष शाळा 18 ला संपली आणि तेव्हापासून घरी टीव्हीसमोर बसून असते, लोक सांगतात कार्यशाळेत घाला तिथे पणत्या राख्या करतात, तर त्याने तिला चार माणसं मिळतील की नुसताच वेळ जाईल. मला हा प्रश्न वाचून राहवलं नाही कारण माझा मोठा भाऊ 38 वर्षांचा आहे, त्याला डाऊन सिंड्रोम आहे, आम्ही फलटणचे, आणि तुमच्या घरात आत्ता जे चाललंय ते आमच्या घरात जवळजवळ नऊ वर्षं चाललं होतं.

सरळ सांगते, नुसतं कार्यशाळेत नाव घातल्याने माणसं मिळत नाहीत. दादाला आम्ही एका कार्यशाळेत घातलं होतं, नाव नाही सांगत, माणसं वाईट नव्हती. पण दिवाळीच्या आधी महिनाभर तिथे ऑर्डरची इतकी घाई असायची की पणत्यांवरचं बारीक काम शिक्षिकाच करायच्या, फिनिशिंग नीट आलं नाही तर माल परत येतो म्हणून, आणि दादा आणि बाकीचे चार-पाच जण बाजूला सतरंजीवर बसून. मग स्टॉलवर पाटी लागायची ‘विशेष मुलांनी बनवलेल्या’, लोक कौतुकाने दोन डझन घ्यायचे आणि निघून जायचे. दादा तेव्हा 30 वर्षांचा होता, मुलगा नव्हता, आणि त्या पणत्या त्याने केलेल्या नव्हत्या. घरी आला की मी विचारायचे आज काय केलं, तर म्हणायचा ‘बसलो’. हा एक शब्द मला अजून त्रास देतो.

मग आईच्या डोक्यात आलं फुलवातींचं. आई स्वतः रोज वळायची आणि दादा शेजारी बसून कापसाशी खेळायचा, सरकी काढून द्यायचा. विशेष शिक्षणातल्या एक बाई आमच्या ओळखीच्या होत्या, त्यांनी सांगितलं की काम शिकवताना त्याचे तुकडे करा आणि एकावेळी एकच तुकडा शिकवा. म्हणजे कापूस घ्यायचा, सरकी काढायची, तळहातावर चपटा करायचा, मधे चिमटीत धरून वर ओढायचं, टोकाला दुधाचं बोट लावून पीळ द्यायचा. पीळ द्यायला त्याला पाच महिने लागले. पाच महिने रोज सकाळी अर्धा तास. पण आला, आणि आज त्याच्या वाती आईच्या वातींपेक्षा जास्त एकसारख्या असतात, कुणाला हात लावून दुरुस्त करावी लागत नाही. हे फार महत्त्वाचं आहे, बहिणीसाठी असं काम निवडा की सुरुवातीपासून शेवटपर्यंत ते तिचं असेल, मग ते कागदी पिशव्या असोत, पायपुसणी असोत, उटण्याची पाकिटं भरणं असो.

मोजण्याचा प्रश्न होता, दादाला दहाच्या पुढे आकडे येत नाहीत. मी म्हटलं अंड्याचा ट्रे घेऊ, त्यात बरोबर 30 खळगे असतात, एकेका खळग्यात एकेक वात, पण देवापुढे लावायच्या वाती त्यात नकोत म्हणून आईने साफ नाही म्हटलं, आणि तिचं बरोबरच होतं. मग पुठ्ठ्यावर पाण्याच्या बाटल्यांची 30 झाकणं उलटी चिकटवली. सगळी झाकणं भरली की एक पाकीट, महिन्याच्या वाती, दहा रुपये.

आता खरी गोष्ट. पाकिटं दुकानात ठेवायची का, असा विचार झाला होता आणि तो आम्ही सोडला, कारण दुकानात ठेवली तर विक्री होईल पण दादा घरातच राहील. त्याऐवजी दर महिन्याच्या एक तारखेला दादा स्वतः घरोघरी द्यायला जातो. सुरुवातीला चारच घरं होती, सगळी आमच्या गल्लीतली, आता एकोणीस आहेत. पहिले काही महिने मी त्याच्या शेजारून चालायचे, मग दहा पावलं मागून, मग कोपऱ्यावर उभी राहायचे, मग एक दिवस मी घरीच थांबले आणि तो अर्ध्या तासाऐवजी दीड तासाने आला, मी रडकुंडीला आलेली आणि तो एका घरी चहा घेत बसलेला! खिशात नाव पत्ता आणि फोन नंबरचं कार्ड कायम असतं, हे तुम्हीही करा.

दोन वर्षांपूर्वी एक तारखेला त्याला ताप होता, गेला नाही. संध्याकाळपर्यंत तीन घरांतून विचारणा झाली, एक आजी तर जिना उतरून काठी टेकत आमच्या दारात आल्या, ‘आज आमचा वातीवाला कुठंय’. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. तीस वर्षांत तो कुठे गेला नाही म्हणून कुणी विचारायला आलं, असं कधी झालंच नव्हतं. तुम्ही विचारलंय ना माणसं मिळतात का, तर मी आता हेच बघते, तो आला नाही तर कुणाच्या लक्षात येतं का. कार्यशाळा निवडतानाही हे विचारा की ही लोकं आठवड्यात किती वेळा बाहेर जातात, बाहेरचं कोण आत येतं, आणि तीच माणसं परत परत येतात का. वर्षातून एकदा शंभर पाहुणे आले त्यापेक्षा दर गुरुवारी एकच ताई आली तर ते चांगलं.

सेवेचं, म्हणजे व्हॉलंटियरिंगचं सांगते. आपल्याकडे दिव्यांग माणूस म्हटला की तो घेणारा. कुणाचा वाढदिवस असला की फळवाटप, वह्यावाटप, ओळीत बसवायचं, फोटो काढायचा. दादाच्या हातात मी इतकी केळी बघितलीत की मला आता ते फोटो नको वाटतात. कुणी त्याला म्हणत नाही की बाबा रे ये, आम्हाला मदत कर. आमच्याकडे आषाढीच्या आधी माउलींची पालखी येते, फलटणला विमानतळाच्या मैदानावर तळ असतो. आमच्या भागातलं मंडळ रस्त्यावर पाण्याची सोय करतं, मी त्यांना जाऊन म्हटलं दादाला घ्या, फक्त पेले भरून देण्याचं काम द्या आणि त्याच्या हातातून काढून घेऊ नका. थोडं का कू झालं पण घेतलं. पहिल्या वर्षी एक वयस्कर वारकरी पाणी प्यायले, पेला परत दिला आणि ‘माउली’ म्हणून दादाच्या पायाला हात लावला. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, त्यांच्यासाठी नेहमीचंच असेल, पण दादाच्या पायाला त्याआधी कुणी हात लावला नव्हता. तो लगेच खाली वाकला, दोघांची डोकी आपटली. आता जूनच्या सुमारास तो रोज विचारतो, पालखी कधी. आणि मंडळाची पोरं त्याला वर्षभर हाक मारतात, गणपतीच्या मांडवात खुर्च्या लावायला बोलावतात, हे मी मागितलेलं नव्हतं.

पण एक ध्यानात ठेवा, बहिणीला स्वमग्नता असेल किंवा आवाजाचा त्रास होत असेल तर गर्दीचं काम अजिबात देऊ नका. वाचनालयात पेपर तारखेप्रमाणे लावणं, नर्सरीत पिशव्या भरणं, देवळात फुलं निवडणं अशी शांत कामं असतात, रोज त्याच जागी त्याच वेळी. आणि तिचे पैसे तिच्याच हातात द्या. दादा स्वतःच्या पैशातून सगळ्यांना वडापाव खाऊ घालतो आणि त्या दिवशी त्याची चाल वेगळी असते.

संस्था हव्या असतील तर शहराप्रमाणे बघा. मुंबईत जय वकील 1944 पासून आहे, पुण्यात कामायनी 1964 पासून, दोन्हीकडे मोठ्यांसाठी कामाचं प्रशिक्षण आहे. मुंबईचं ओम क्रिएशन्स बौद्धिक दिव्यांग मुलींच्या खाद्यपदार्थ आणि हस्तकलेच्या कामासाठी ओळखलं जातं. कोळवणला, मुळशी तालुक्यात, साधना व्हिलेज आहे, 1994 पासून, तिथे मोठी माणसं गावाच्या शेजारी राहतात आणि संस्था आजूबाजूच्या गावांतही काम करते, मला ती कल्पना फार आवडते. तुमच्या जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त कार्यशाळांची माहिती जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात मिळते, फोनवर नाही, प्रत्यक्ष जा.

कागदांचं पटकन: यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर आधी ते. 18 नंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो, बँकेत वगैरे हा कागद मागतात. त्याच न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत.

पण हे सगळं होईपर्यंत थांबू नका. बहिणीला घरातलं कुठलं काम स्वतःहून करायला आवडतं ते आठवडाभर नुसतं बघा, टीव्ही बघता बघता हाताने काय करते ते पण बघा, आणि इथे कमेंटमध्ये लिहा. दादाचं कापसाशी खेळणं आम्हाला बरीच वर्षं चाळाच वाटायचं.