प्लेटलेटची पिशवी फ्रिजमध्ये का ठेवायची नाही?

फ्रिजमध्ये राहिलेली प्लेटलेटची पिशवी (रक्ताची गुठळी धरणाऱ्या पेशींची) बाद केली ते बरोबर झालं का, असं तुम्ही विचारलंत. थेट उत्तर आधी देतो. वॉर्डातल्या फ्रिजमध्ये दोन तास राहिलेली पिशवी रुग्णाला न देता बाद केली, हे योग्यच झालं. वाईट वाटणं साहजिक आहे, कारण त्यासाठी कुणीतरी हात पुढे केला होता. पण तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे: लाल पेशी २ ते ६ अंशांवर ३५ ते ४२ दिवस टिकतात, मग प्लेटलेट बाहेर ठेवायच्या, सतत हलवायच्या आणि तरी पाच दिवसांत मुदत संपायची, असं का? मी रक्तघटक विभागात बरीच वर्षं काम करतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शरीरात फिरणारी प्लेटलेट चपटी, तबकडीसारखी असते. तापमान २० अंशांच्या खाली गेलं की ती गोल होते, तिला काटे फुटतात आणि पुन्हा ऊब मिळाली तरी ती नीट पूर्ववत होत नाही. त्यातच तिच्या पृष्ठभागावरची काही प्रथिनं एकाजागी गोळा होतात, त्यांच्यावरचं शर्करांचं आवरण बदलतं आणि यकृतातल्या पेशी अशा प्लेटलेट ओळखून झपाट्यानं रक्तातून काढून टाकतात. पिशवीत मोजल्या तर संख्या व्यवस्थित दिसते. रुग्णाच्या अंगात गेल्यावर मात्र त्या फार टिकत नाहीत. पूर्वी प्लेटलेटही थंडच ठेवत असत. १९६९ मध्ये मर्फी आणि गार्डनर या संशोधकांनी साध्या खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या प्लेटलेट रक्तात कितीतरी जास्त काळ राहतात हे दाखवलं, तेव्हापासून २० ते २४ अंशांचा नियम रुजला.

हे वाचून कुणी म्हणेल की थंड प्लेटलेटही हल्ली वापरतात. खरं आहे. रक्तस्राव चालू असताना त्या गुठळी धरायचं काम चांगलं करतात, आणि अमेरिकेत २०२३ पासून ठरावीक परिस्थितीत १ ते ६ अंशांवर १४ दिवसांपर्यंत ठेवायला वाव दिला आहे. पण ती पिशवी सुरुवातीपासून त्याच हेतूनं, त्याच नोंदींसह साठवलेली असते. ज्याचा काउंट (रक्तातल्या प्लेटलेटची संख्या) पडला आहे पण रक्तस्राव नाही, त्याला प्लेटलेट अंगात टिकायला हव्या असतात. त्याच्यासाठी चुकून गारठलेली पिशवी हा पर्याय नाही.

आता हलवण्याचं. २२ अंशांवर पेशी जागी असते. तिला ऑक्सिजन लागतो, ती कार्बन डायऑक्साइड सोडते. ऑक्सिजन कमी पडला की लॅक्टिक आम्ल साचतं, पीएच (आम्लता मोजायचा आकडा; तो कमी म्हणजे आम्ल जास्त) घसरतो, आणि तो ६.२ च्या खाली गेला की त्या प्लेटलेट कामाच्या राहत नाहीत. म्हणून या पिशवीचं प्लास्टिकच वेगळं असतं, त्यातून वायू आरपार जाऊ शकतो. जुन्या प्लास्टिकमध्ये मुदत तीन दिवसांचीच होती, वायू जास्त आरपार जाऊ देणारं प्लास्टिक आल्यावर ती पाचावर गेली. ॲजिटेटरवर (पिशव्या सतत हलवणाऱ्या यंत्रावर) पिशवी एका थरात, मोकळी ठेवायची. पिशव्या एकावर एक रचणं, वर जादा लेबलं चिकटवणं, प्लास्टिकमध्ये गुंडाळणं म्हणजे त्यांचा श्वास कोंडणं. प्रवासात हलवणं थांबलं तर लगेच बिघडत नाही, एकूण २४ तासांपर्यंत चालतं. पण तेवढी सवलत आहे म्हणून टेबलावर पडू देऊ नये.

मग पाचच दिवस का? मुख्य कारण जंतू. जे तापमान प्लेटलेटना मानवतं तेच जंतूंनाही मानवतं. दात्याच्या त्वचेवरचे चार जंतू सुईबरोबर आत गेले तर लाल पेशींच्या थंड पिशवीत ते बहुधा वाढत नाहीत, इथे मात्र त्यांची संख्या दिवसागणिक फुगते. म्हणून सुई टोचण्यापूर्वीची त्वचेची स्वच्छता आणि रक्ताचे पहिले काही मिलिलिटर वेगळ्या छोट्या पिशवीत वळवणं, या दोन गोष्टींबाबत मी नवीन तंत्रज्ञांशी अजिबात तडजोड करत नाही. जंतूंची चाचणी किंवा जंतुनाशक प्रक्रिया नियमानुसार केलेली असेल तिथे काही देशांत मुदत सात दिवस धरतात.

तयार करतानाही सगळा खेळ हळुवारपणाचा आहे. रक्त न गारठवता ठरलेल्या वेळेत विभागात यायला हवं. रक्त अडखळत, फार हळू आलं असेल तर त्यापासून प्लेटलेट करत नाहीत, कारण नळीतच गुठळी धरायला सुरुवात झालेली असू शकते. दात्यानं नुकतीच ॲस्पिरिन घेतली असेल तरीही नको. एका पद्धतीत रक्ताची पिशवी यंत्रात गरगर फिरवून आधी सौम्य फिरकी देतात, प्लेटलेट असलेला प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) वर काढतात, मग जोराची फिरकी देऊन प्लेटलेट तळाशी बसवतात. तो तळ लगेच ढवळायचा नसतो. साधारण तासभर तसाच राहू द्यायचा, मग हलक्या हातानं मिसळायचा. घाई केली की गाठी होतात आणि त्या पुन्हा सुटत नाहीत. बफी कोट (फिरकीनंतर लाल पेशी आणि प्लाझ्मा यांच्या मधे येणारा थर) पद्धतीत आधी जोराची फिरकी, मग चार-पाच दात्यांचे मधले थर एकत्र करून सौम्य फिरकी. मला ही दुसरी पद्धत पसंत आहे, तिच्यात प्लेटलेटना कमी धक्का बसतो.

एसडीपी (यंत्रावर एकाच दात्याकडून काढलेल्या प्लेटलेट) की आरडीपी (एका दात्याच्या रक्ताच्या पिशवीतून वेगळ्या केलेल्या प्लेटलेट), हेही तुम्ही विचारलंय. यंत्रावर एका दात्याकडून काढलेल्या एसडीपीत साधारण पाच-सहा आरडीपीइतक्या प्लेटलेट असतात. मोठ्या माणसाचा काउंट एका आरडीपीनं ५ ते १० हजारांनी आणि एसडीपीनं ३० ते ५० हजारांनी वाढावा अशी अपेक्षा असते. एसडीपीचा खरा फायदा म्हणजे रुग्णाचा संबंध एकाच दात्याशी येतो. ज्याला वारंवार प्लेटलेट लागणार आहेत त्याच्यासाठी हे फार मोलाचं आहे. पण रक्त वाहत असताना एसडीपीचा दाता शोधण्यात तास घालवू नका. शेल्फवरच्या आरडीपी एकत्र दिल्या तर रक्त थांबवायचं काम त्याही तितकंच करतात. देऊनही काउंट वाढला नाही तर पिशवीला दोष देण्याआधी दिल्यानंतर तासाभराच्या आत एकदा काउंट करायला डॉक्टरांना सांगा. त्या वेळेलाही वाढ नसेल तर रुग्णाच्या रक्तात प्लेटलेटविरोधी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) आहेत का, हे तपासावं लागतं.

पिशवी हातात आली की उजेडासमोर धरून हळूच फिरवा. आत रेशमी भोवरे तरंगताना दिसले तर प्लेटलेट चपट्या आणि जिवंत आहेत. त्याला आम्ही स्वर्लिंग म्हणतो. भोवरे दिसत नसतील, गाठी असतील, रंग विचित्र वाटत असेल किंवा पिशवी फुगलेली असेल तर देऊ नका, रक्तपेढीला फोन करा. लाल पेशी देऊन झालेला सेट (रक्त चढवायची नळी) पुन्हा वापरू नका, गाळणी असलेला नवा सेट लावा. साधारण अर्ध्या ते एका तासात पिशवी संपवा, चार तासांच्या पुढे मुळीच नेऊ नका. रुग्णाच्या शिरेत सुई लावून तयार झाल्यावरच पिशवी मागवा, म्हणजे वॉर्डात ती कुठे ठेवायची हा प्रश्नच येत नाही.