श्वास मोजताना

प्रिय बेटा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र रविवारी उपासनेहून आल्यावर वाचलं, सोमवारी पुन्हा वाचलं. दिवसभर सलाइन लावायचं, चादरी बदलायच्या, चार्ट भरायचे, यात देवाची सेवा कुठे आहे, असं तू विचारलंयस. नर्सची नोकरी सोडून चर्चच्या पूर्णवेळ सेवेत जावं का, असंही. तो रस्ता चांगलाच आहे, आणि त्याबद्दल पाळकसाहेब माझ्यापेक्षा नीट सांगतील. मी 34 वर्षं वॉर्डात काढली, म्हणून मी वॉर्डातलंच सांगते.

पहाटे चारच्या राउंडला ताप थर्मामीटर सांगतं, बीपी मशीन सांगतं. श्वास मात्र आपणच मोजायचा असतो. पेशंटच्या छातीकडे बघत, त्याच्या लक्षात येऊ न देता, पूर्ण एक मिनिट. तीस पेशंट म्हणजे नुसत्या श्वासाचीच तीस मिनिटं. ती कुणी देत नाही, म्हणून सगळ्या चार्टवर 20, 20, 20 असं लिहिलेलं दिसतं. तूही एव्हाना पाहिलं असशील.

मीही लिहायचे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मांडीचं हाड मोडलेले एक आजोबा वॉर्डात होते. रात्री दहाला त्यांनी विनंती केली म्हणून मी त्यांच्या खाटेशी उभी राहून प्रार्थना केली. पहाटे चारला त्यांच्या चार्टवर न मोजता 20 लिहिलं आणि पुढे गेले. सातला दिवसपाळीच्या सिस्टरनं मोजला, तर 34. न्यूमोनिया होता. बाकी काही बिघडलेलं दिसायच्या आधी बरेचदा श्वासच वाढतो, हे मला शिकवलेलं होतं. आजोबा वाचले, पण त्यात माझं काही नव्हतं. मी मेट्रनकडे जाऊन आकडा खोटा असल्याचं सांगितलं. त्यांनी ते माझ्याकडून लेखी घेतलं.

त्या रात्रीची माझी प्रार्थना खरी होती. आकडा खोटा होता. दोन्ही एकाच तोंडाचे, एकाच हाताचे, हे मला फार दिवस सोसवलं नाही.

बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात, पिशवीत एक जड आणि एक हलकं अशी दोन वजनं ठेवू नका, असं सांगितलंय. लहानपणी मला ते वाण्याच्या दुकानाबद्दल वाटायचं. नंतर कळलं, आपल्या वॉर्डातही दोन वजनं असतात. स्पेशल रूमच्या पेशंटचा श्वास मोजायचा आणि जनरलमधल्याचा अंदाजे लिहायचा. बिल भरणाऱ्याच्या मुलाशी अदबीनं बोलायचं आणि फरशी पुसणाऱ्या मावशींवर खेकसायचं. तुझ्या विश्वासाची परीक्षा मला विचारशील तर इथे आहे. जिची कुस दर दोन तासांनी बदलायची आहे, जिच्याकडे कुणी भेटायलाही येत नाही, तिची कुस तिसऱ्या वेळीही तू बदललीस का?

साक्ष देण्याबद्दल, म्हणजे पेशंटना आपला विश्वास सांगण्याबद्दल, तू लिहिलंयस. माझं मत स्पष्ट आहे, आपल्या मंडळीत सगळ्यांना ते पटत नाही. खाटेवरचा माणूस उठून जाऊ शकत नाही. त्याचं पाणी, त्याचं बेडपॅन तुझ्या हातात आहे. अशा माणसाला आपणहून धर्म सांगायला लागणं म्हणजे त्याच्या लाचारीचा फायदा घेणं. त्यानं विचारलं तर न लाजता सांग. प्रार्थना मागितली तर कर. एरवी तुझे हात स्वच्छ धुतलेले असोत आणि इंजेक्शन वेळेवर असो.

आपल्याकडे कामाला कमी लेखायची रीत नव्हती, बेटा. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुलींना नुसती भजनं शिकवली नाहीत. तिथे माग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल तिथल्याच बायकांनी अक्षरांचे खिळे जुळवून छापलं. एकेक खिळा उलटा वाचत ओळ बसवणं, हीसुद्धा उपासनाच होती की. मिरजेला डॉक्टर वॉनलेससाहेबांनी 1894 साली मिशन दवाखाना सुरू केला. त्या काळात परक्या माणसाच्या मलमूत्राला हात लावणं चांगल्या घरात विटाळाचं मानत. आपल्या आज्या-पणज्यांनी ते काम शिकून घेतलं. प्रेषित पौलानं करिंथात अक्विल्ला-प्रिस्किल्लाबरोबर तंबू शिवले, हे तर तुला रविवारशाळेत मीच शिकवलंय.

एक गोष्ट मात्र नीट ऐक. ‘प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा’ हे पौलाच्या कलस्सैकरांस पत्रातलं वचन तुला कुणीतरी वरच्या खुर्चीवरून ऐकवेल, आणि सलग तिसरी नाइट लावेल. ते वचन दासांना लिहिलंय, खरं. पण पुढच्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात धन्यांनाही बजावलंय, दासांशी न्यायानं आणि समतेनं वागा, तुम्हालाही स्वर्गात धनी आहे. याकोबानं आपल्या पत्रात तर कापणीवाल्यांची अडवलेली मजुरी ओरडते असं लिहिलंय. म्हणून ओव्हरटाइम मागायचा, लेखी मागायचा. सेवा आहे म्हणून पगार कमी, हे देवाचं म्हणणं नाही. आणि दोन रात्री न झोपलेली नर्स औषधाची मात्रा चुकते, हेही विसरू नकोस.

रविवारच्या ड्यूटीनं जीव खाऊ नकोस. प्रभूनं शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, वाळलेल्या हाताच्या माणसाला बरं केलं. तू दिवाळी आणि गणपतीची ड्यूटी आपणहून घे, नाताळला त्या मुली तुझी घेतील. आम्ही वर्षानुवर्षं असंच केलं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तीन वॉर्डांत मी एकटी असायचे, आणि सकाळी ड्यूटीवर येणाऱ्या मुलींच्या डब्यांतून माझा फराळ यायचा.

बायबल कॉलेजचं एक वर्षानंतर बघू. तोवर रोज एक पेशंट, ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही असा, पूर्ण मिनिट मोज. मग दोन. जमेल तसे वाढव. ज्या दिवशी वेळच नसेल त्या दिवशी रकाना रिकामा ठेव आणि इनचार्जना तोंडावर सांग, की झालं नाही. बोलणी खाशील. खा.

वॉर्डात मोबाइल काढू देत नाहीत, असं तू लिहिलंस. आईबरोबर माझं घड्याळ पाठवलंय. मनगटाचं नाही, गणवेशाला अडकवायचं आहे, म्हणजे हात धुताना आड येत नाही. सेल नवा टाकलाय. सेकंदकाटा लाल आहे, रात्रीच्या दिव्यातही दिसतो.

तुझी,
रविवारशाळेची बाई